उषाबाईची माघार

सुरतेच्या उधन्यात, बमरोलीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या गल्लीत उषाबाईची खानावळ होती. तिला नाव नव्हतं, पाटी नव्हती. मागाच्या खात्यांत, म्हणजे कारखान्यांत, काम करणारी पोरं तिला वीशी म्हणत आणि बाईला उषामाय. सगळी खानदेशातून पोटासाठी आलेली, कुणी पारोळ्याकडचा, कुणी शिरपूरकडचा. दिवसभर मागाच्या खडखडाटात कान बधिर झालेले, त्यामुळे पंगतीला बसली तरी एकमेकांशी ओरडूनच बोलायची. उषाबाई त्यांच्याहून मोठ्यानं ओरडायची. ताटात भाकरीचा तुकडा टाकून उठलेल्याची तिच्याकडे खैर नसे. पण कुणी तापानं फणफणला की मुगाची खिचडी त्याच्या खोलीवर पोचती व्हायची आणि त्याबद्दल ती अवाक्षर काढायची नाही.

सुरतेत प्लेगची धावपळ उडाली तेव्हा निम्मं उधना गाठोडी बांधून स्टेशनकडे पळालं. उषाबाईचा नवरा सुपडू हा मुळात भिडस्त माणूस. मागावर बारा तास उभा राहील, पण मालकासमोर दोन शब्द बोलायचे म्हटलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटे. तोही पिशवी भरून दारात उभा राहिला. उषाबाईनं त्याला एवढंच विचारलं, की जे गेले नाहीत त्यांनी खायचं काय? सुपडूनं पिशवी पुन्हा खुंटीला अडकवली. ते सगळे दिवस तिची चूल बंद पडली नाही. तोंडाला फडकं बांधून ती भाकरी थापत राहिली. माणसं परत आली तेव्हा हे सगळ्यांना कळलं, आणि गल्लीत तिचा शब्द चालायला लागला.

आता श्रीरंगबद्दल सांगायला हवं. हा उषाबाईच्या माहेरच्या गावचा. तिच्यासारखाच रिकाम्या हातानं सुरतेत आला, आधी खड्डे खणले, मग खड्डे खणणारी माणसं पुरवली, आणि होता होता महापालिकेचा कंत्राटदार झाला. उषाबाईला पाठीला भाऊ नव्हता, आईबाप केव्हाच गेले होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या सगळ्या लेकी माहेरी जातात, झोके घेतात, गाणी म्हणतात, आणि ही मात्र चुलीपुढे बसून राहायची. ते पाहून एका वर्षी श्रीरंगच तिला घ्यायला आला. म्हणाला, आजपासून माझं घर तुझं माहेर. तेव्हापासून दर आखाजीला ती श्रीरंगकडे जाई, त्याची बायको शोभा तिला चोळीचा खण देई, आणि उषाबाई डोळे पुसत परत येई. हे तिनं मनापासून मानलं होतं. म्हणून तर पुढं जे झालं त्याचा राग येतो. नुसता दगाफटका असला तर माणूस विसरून जातो.

प्लेगनंतरच्या वर्षी महापालिकेची निवडणूक लागली. कायदा नवा झाला होता आणि त्या वॉर्डातली एक जागा बायकांसाठी राखीव झाली होती. जागा राखीव झाली, पण तिथे कोणती बाई बसवायची हे पुरुषांच्याच हातात राहिलं. श्रीरंगनं एका पक्षाकडून शोभाचं तिकीट आणलं. शोभा भली बाई होती, पण तिला विचाराल तर बाजारात कोणती मेथी घ्यायची हेसुद्धा ती नवऱ्याला विचारून सांगायची.

पक्षाची पद्धत अशी, की मुख्य उमेदवाराबरोबर एक पर्यायी उमेदवार द्यायचा. मुख्य अर्ज काही कारणानं बाद झालाच तर पक्षाचं चिन्ह वाया जायला नको. मुख्य अर्ज मंजूर झाला की पर्यायीनं नाव मागे घ्यायचं आणि घरी जायचं. ऑफिसातली माणसं या पर्यायी उमेदवाराला सरळ डमी म्हणतात, त्याच्या तोंडावर म्हणतात, आणि त्यात काही चुकतंय असं त्यांना वाटतही नाही. श्रीरंगनं डमी म्हणून उषाबाईचं नाव दिलं. खानदेशी मतं तिच्या नावानं गोळा होतील आणि बाई आपल्या शब्दाबाहेर नाही, असा त्याचा हिशोब.

"बहीन, तुले काय करानं नही शे. फक्त नाव तुनं. बाकी मी शे ना," तो म्हणाला.

आणि कागदांचा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. उषाबाई चौथी शिकलेली होती, वाचायला बसली असती तर अडखळत वाचलं असतं. पण भावानं आणलेलं लुगडं घडी उलगडून कुणी तपासतं का? पीठ लागलेले हात पदराला पुसून तिनं जिथे जिथे त्यानं बोट ठेवलं तिथे तिथे सही केली. वरचा कागद उमेदवारी अर्जाचा होता. अर्जावर सूचक लागतो, म्हणजे या बाईचं नाव मी सुचवतो असं म्हणणारा वॉर्डातला मतदार. सूचक श्रीरंग स्वतःच झाला. खालच्या कागदांबद्दल त्यानं सांगितलंही होतं, की हा माघारीचा आहे, तू सूचकाला अधिकार दिलास असं यात आहे, म्हणजे तुला पुन्हा ऑफिसात खेटे नकोत. उषाबाईनं मान हलवली. शोभाच उभी राहणार होती, मग माघार आज लिहिली काय आणि परवा लिहिली काय?

अर्ज भरून झाले आणि छाननीचा दिवस आला. तिथे सगळंच उलटं झालं.

त्याचं मूळ श्रीरंगच्याच हौसेत होतं. आपल्याकडे नवं काम लक्ष्मीच्या नावानं काढायची रीत असते. श्रीरंगनं लाभपाचमेच्या मुहूर्तावर धंदा बायकोच्या नावावर केला होता आणि मोठा पत्र्याचा बोर्ड रंगवून घेतला होता, शोभा कन्स्ट्रक्शन, मालक शोभाबेन. हा बोर्ड कुठे होता म्हणाल, तर उषाबाईच्याच गल्लीत. गटाराचं कंत्राट श्रीरंगकडे होतं. त्यानं गल्लीच्या मधोमध चर खणला, दोन पाइप टाकले, बोर्ड रोवला आणि माणसं दुसऱ्या कामावर नेली. पावसाळा गेला, हिवाळा गेला, तो चर तसाच. रात्रपाळीवरून येणारा एखादा त्यात पडायचा, पोरांचे चेंडू त्यात बुडायचे, डास तर विचारू नका. प्लेगमधून उठलेल्या शहरात ही तऱ्हा! उषाबाईनं श्रीरंगला दोनदा हटकलं होतं. त्यानं दोन्ही वेळा आजच माणसं पाठवतो म्हणून सांगितलं होतं.

समोरच्या पक्षाचा वकील छाननीला त्या बोर्डाचा फोटोच घेऊन आला. महापालिकेच्या कंत्राटात ज्याचा हितसंबंध आहे, त्याला महापालिकेचा सदस्य होता येत नाही, हा कायदा. कंत्राटाची मालकीण कोण? बोर्डावरच लिहिलंय. निवडणूक अधिकाऱ्यानं फोटो पाहिला, कंत्राटाचा कागद मागवला आणि शोभाचा अर्ज बाद केला. शोभा घरी गेली आणि म्हणे सुटल्यासारखी झोपली.

उरली उषाबाई. नियमाप्रमाणे पक्षाचं चिन्ह आता तिचं. काल जिला डमी म्हणत होते तीच आज उमेदवार.

ही बातमी खानावळीत संध्याकाळच्या पंगतीला आली. पोरांनी ताटं वाजवली, कुणी तिला कॉर्पोरेटरबेन म्हटलं, आणि उषाबाई नेहमीप्रमाणे सगळ्यांवर खेकसली. पण भाकरी थापता थापता तिचा हात थांबत होता. तिच्या मनात पहिल्यांदा आलं, की आपण गेलो तर? नगरसेवक म्हणजे काय, त्या सभागृहात काय करतात, हे तिला माहीत नव्हतं. पण दारातला चर बुजवा म्हणून ज्याला सांगायचं, त्या माणसाच्या खुर्चीपर्यंत जाता येतं, एवढं तिला समजलं. ती रात्री सुपडूला म्हणाली, की मी उभी राहते. सुपडूनं नेहमीप्रमाणे आढ्याकडे पाहिलं आणि श्रीरंगभाऊला विचार, एवढंच बोलला. ती त्याच्यावर चिडली. ज्याचं गटार अर्धवट त्यालाच विचारायचं होय?

विचारायला जावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी श्रीरंगच आला, बरोबर शोभा. शोभानं उषाबाईची ओटी भरली, साडी ठेवली. मग श्रीरंगनं विषय काढला. त्याच्या धाकट्या भावाची, गोपालची बायको तारा हिचाही एक अर्ज त्यानं अपक्ष म्हणून भरून ठेवला होता, असावा म्हणून. आता उषाबाईनं मागे सरायचं, मतं फुटू द्यायची नाहीत, आणि घरातली तारा निवडून आणायची. पक्षाच्या चिन्हाचं काय, तर शहरातल्या पुढाऱ्यांशी त्याचं बोलणं झालं होतं. चिन्ह गेलं तरी चालेल, तारा नंतर पक्षात येईलच. घरातली बाई हवी होती, कारण पुढची गटारं, पुढचे रस्ते, पुढची कंत्राटं. हे तो बोलला नाही, पण हे न कळायला उषाबाई काही दूधखुळी नव्हती.

मग त्यानं शेवटचं हत्यार काढलं. म्हणाला, आजवर तुला माहेर दिलं, कधी काही मागितलं का? आज पहिल्यांदा मागतोय.

उषाबाईला हे फार लागलं. माहेर ही काय उधारीवर दिलेली वस्तू आहे, की वेळ आली की परत मागावी? तिचे डोळे भरून आले, पण ती नमली नाही.

"नाव मांघे लेवाव नही मी. मी उभी राहसू," ती म्हणाली.

श्रीरंग चिडेल, ओरडेल, असं तिला वाटलं होतं. तो हसला. बरं बाई, तुझी मर्जी, म्हणाला आणि चहाचा कप रिकामा करून निघून गेला. उषाबाईला वाटलं, शेवटी भाऊ तो भाऊच. दुसऱ्या दिवशी तिनं पोरांना सांगून टाकलं, की प्रचाराला निघायचं तर आंघोळी करून निघा, माझी अब्रू घालवू नका.

माघारीच्या दिवशी ती घराबाहेर पडलीच नाही. आपण सही केली नाही की नाव राहतं, इतका साधा हिशोब. वांग्याचं भरीत घोटत बसली. दुपार कलताना खात्यातला एक कारागीर सायकल फेकून आत आला. उमेदवारांची शेवटची यादी ऑफिसाबाहेर लागली आहे, आणि उषामायचं नाव त्यात नाही. तिला ते खरं वाटेना. तशीच, हातावर वांग्याचा काळा रस, रिक्षात बसली.

निवडणूक अधिकारी सभ्य माणूस होता. त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"बेन, तमारुं फॉर्म तो पाछुं खेंचाई गयुं," तो म्हणाला.

कुणी मागे घेतलं, तर तिच्या सूचकानं. मुदत संपायच्या थोडं आधी श्रीरंगनं तो कागद आणून दिला होता. खाली तिची सही. सूचकाला अधिकार दिल्याचंही तिच्याच सहीनं. सगळं नियमात. त्यानं कागद तिच्यासमोर धरला, आणि उषाबाईनं आपली वेडीवाकडी सही ओळखली. कागदाच्या कोपऱ्यावर पिठाचा डागही होता.

"सही मेरी है साहेब, मर्जी मेरी नहीं," ती म्हणाली.

साहेबाला वाईट वाटलं असावं. पण नियम त्यानं समजावून सांगितला, की एकदा दिलेली माघार रद्द करता येत नाही. उमेदवारी मागे घेता येते, माघार मागे घेता येत नाही. उषाबाईनं विचारलं, मला कुणी बोलावून विचारलं का, की बाई, तुला खरंच नको आहे का? तसा नियम नव्हता. मग तिचा आवाज चढला. म्हणाली, मुलगी दाखवायला बसवतात तेव्हासुद्धा कुणीतरी तिच्या कानात विचारतं, पसंत आहे का म्हणून, आणि तुमच्या सरकारात एवढंसुद्धा नाही? टेबलावरचे कारकून वर बघायला लागले. एक जण दुसऱ्याला हळूच म्हणाला, ती डमी होती ना, तीच. उषाबाईनं ते ऐकलं. ती उठली आणि त्या कारकुनाच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. तो बिचारा फाइलीत तोंड घालून बसला.

तो राग बरोबर होता असं मला वाटतं. लोक म्हणाले, सही केली तर वाचायचं नाही का? वाचायला हवं होतं, कबूल. पण विश्वासानं दिलेली सही चोरणारा शहाणा आणि देणारी अडाणी, हा निवाडा करणाऱ्यांची मला चीड येते. कायद्यानं सूचक ठेवला तो बाईचं नाव पुढे करायला. तोच तिचं नाव खोडू शकतो, हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल? सुपडूसुद्धा म्हणाला, जाऊ दे, भाऊ शे तो. उषाबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पुन्हा त्या विषयावर बोलला नाही.

तिनं खानावळ बंद ठेवली नाही. पोरं उपाशी का मरावीत?

प्रचार सुरू झाला. ताराची जीप गल्लीत येई, चराच्या अलीकडेच थांबे, आणि तिथूनच भोंगा वाजे. श्रीरंगला खात्री होती, की उषाबाईचा रुसवा आता उतरला असेल आणि तिच्या पंगतीतली मतं मिळतील. एका संध्याकाळी, बरोबर जेवणाच्या वेळी, तो ताराला घेऊन खानावळीत शिरला. पंगत भरलेली. तारा विशी-बाविशीची, श्रीरंग तिचा जेठ, थोरला दीर, म्हणून पदर नाकापर्यंत ओढलेला. त्यानं तिला उषाबाईच्या पाया पडायला लावलं आणि पोरांकडे बघून मोठ्यानं म्हणाला, की आपल्या ताईनं आपल्या माणसासाठी त्याग केला, असं मन आज कुणाचं असतं?

त्याग हा शब्द ऐकून उषाबाईच्या हातातला वाढायचा डाव थांबला. बाईकडून काही ओरबाडून घेतलं की त्याला त्याग म्हणायचं, ही चाल तिनं जन्मभर पाहिली होती. ती श्रीरंगशी बोललीच नाही. तिनं ताराला उठवून उभं केलं, तिच्या तोंडावरचा पदर थोडा मागे सारला आणि विचारलं.

"तारा, तुनी बी सह्या लिध्यात का यानी?"

पोरीला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. तिनं भोळेपणानं सांगून टाकलं.

"हा ताई. अर्जवर, मांघारवर, आनि राजीनामावर बी."

"राजीनामा? कसाना राजीनामा?"

"निवडी उनू ते मंग लागी, आसं जेठनी सांगं. तारीख तो टाकी लेई."

पंगतीतले हात तोंडाशीच राहिले. मत अजून कुणी टाकलं नव्हतं, पेट्या अजून आल्या नव्हत्या, आणि निवडून यायच्या आधीच त्या पोरीच्या सहीचा, बिनतारखेचा राजीनामा श्रीरंगच्या खिशात होता. पंगतीत सगळे खानदेशी होते, सगळे श्रीरंगला भाऊ म्हणणारे. श्रीरंगनं खाकरून, हे सगळीकडे असंच असतं, कागदी घोडे, असं काहीतरी सांगायला सुरुवात केली, पण त्याच्याकडे कुणी पाहिना.

उषाबाईनं एक ताट घेतलं, त्यात भाकरी वाढली, भरीत वाढलं, ठेचा वाढला, आणि ताराला हाताला धरून पाटावर बसवलं. तू माझी पाहुणी, जेवून जा, म्हणाली. दुसरं ताट तिनं घेतलं नाही. ज्या घरात वाटसरूलासुद्धा कुणी उपाशी उठवत नसे, तिथे श्रीरंग उभ्यानं वाट बघत राहिला, तारा खाली मान घालून जेवत राहिली, आणि तिचं जेवण होईपर्यंत गल्लीत भोंगा बंद होता.

निवडणुकीत तारा पडली. उधन्यातल्या त्या बुथावर तिला फारच थोडी मतं मिळाली, आणि समोरच्या पक्षाची बाई निवडून आली. तिनंही चर लगेच बुजवला असं कुणी समजू नये. श्रीरंग मात्र संतापानं थेट खानावळीत आला. घरच्या माणसानंच घात केला, तू मत कुणाला दिलंस ते माझ्या तोंडावर सांग, म्हणून त्यानं सगळ्यांसमोर तिला विचारलं. उषाबाई भाकरी भाजत होती. तिनं ती उलटली, फुगू दिली, आणि मगच त्याच्याकडे वळली.

"ते सांगाव नही," ती म्हणाली. "ते मी एकलीच करं. त्याले सूचक लागना नही."